कुठं राहता, असं मला कुणी विचारत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात सकाळी शहरातल्या एका बागेत फिरत होतो. बकुळीच्या झाडाखाली दहा-अकरा वर्षांच्या दोन मुली फुलं वेचत होत्या. धाकटीच्या हातात कॅरीबॅग, तळाशी ओंजळभर फुलं. तेवढ्यात वॉचमन आला. "कुठनं आलाय गं? कुठं राहता?" थोरलीनं एका वसाहतीचं नाव सांगितलं. "मग हितं काय काम? चला, बाहेर." मुली गेल्या. माझ्या शर्टाच्या खिशातही मूठभर बकुळ होती. मला तो म्हणाला, "काका, आज उशीर?"

मी हसून पुढं गेलो. मुलींच्या बाजूनं एक शब्द काढला नाही. तेव्हापासून तेच टोचतंय, म्हणून हे पत्र.

वॉचमनवर सगळं ढकलून मोकळं होता येणार नाही. तो ठेकेदाराचा माणूस. "बाहेरची पोरं येतात, बागेची घाण करतात" अशी कुरकुर आम्ही फिरायला येणारेच त्याच्या कानावर घालतो. त्यानं जात विचारली नव्हती. आपल्याकडं ती विचारावीही लागत नाही, वसाहतीचं नाव कळलं की पुढचं आपोआप कळतं.

मी 31 वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. एप्रिल-मेमध्ये पोस्टमनला आपलं बीट सावल्यांवरून पाठ होतं. कॉलन्यांमध्ये अडचण नसायची. बंगल्यापुढं गुलमोहर, कोपऱ्यावर ओपन स्पेस, तिथल्या गणपतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसून पुढच्या गल्लीची पत्रं लावून घ्यायची. वसाहतीत मात्र सायकल टेकवायला झाड नव्हतं. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी दीडच्या पुढं पडायची, आणि तिच्यात आधीच चार म्हातारी माणसं बसलेली असायची. पत्र्याच्या घरात त्या वेळी थांबवत नाही. मला पाहून सरकून जागा करून द्यायची ती.

हे असं का होतं, ते समजायला फार डोकं लागत नाही. ठरावीक आकारापुढचा ले-आउट, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडायचा नकाशा, मंजूर होताना 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. म्हणजे कॉलनीला बाग तिच्या जन्माबरोबरच मिळते. (पुढं त्या जागेवर हॉल उठतो, तो वेगळा विषय.) गुंठेवारीत (मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनीवर) किंवा झोपडपट्टीत राहणाऱ्यांच्या वाट्याला ले-आउटच येत नाही, मग ओपन स्पेस कुठली? त्यांची सगळी भिस्त शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी राखून ठेवलेल्या जागेवर, म्हणजे आरक्षणावर. तिथंही 10 वर्षांत जागा ताब्यात आली नाही की मालक नोटीस देतो, पुढच्या 24 महिन्यांत हालचाल झाली नाही की आरक्षण उडतं. नकाशावर हिरवा रंग भरायला पैसे लागत नाहीत, जमीन घ्यायला लागतात.

अमेरिकेतही हाच घोळ आहे, तिथं तो वर्णाचा. 1930 च्या दशकात सरकारी यंत्रणेनं शहरांचे नकाशे काढून घरकर्जाला धोक्याच्या म्हणून काही वस्त्या लाल रंगवल्या. त्यांत काळ्यांच्या वस्त्या भरलेल्या. 2020 मध्ये 108 शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या लाल वस्त्यांमधली जमीन बाकीच्या भागांपेक्षा सरासरी 2.6 अंश सेल्सियसनं जास्त तापते, असं त्यात निघालं. झाडं कमी, डांबर-काँक्रीट जास्त. नकाशे कालबाह्य झाले, ऊन राहिलं.

त्याहून जुनी गोष्ट शिकागोची. 27 जुलै 1919 रोजी युजीन विल्यम्स हा 17 वर्षांचा काळा मुलगा मिशिगन सरोवरात मित्रांबरोबर तराफ्यावर खेळता खेळता गोऱ्यांच्या म्हणून ठरलेल्या पाण्यात गेला. पाण्यात कसली रेघ दिसणार? काठावरून दगड आले, पोरगं बुडालं. त्यानंतरच्या दंगलीत 38 माणसं मेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी हुकूम काढला की नदीचे पाणवठे, सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा इथं अस्पृश्यांचा विटाळ मानायचा नाही. हे आठवलं की छाती फुगते. आणि लगेच ती कॅरीबॅग आठवते.

"रंकाळा आहे की सगळ्यांना," असं कुणी म्हणेल. खरंच आहे. चौपाटीवर भेळ खाणाऱ्याला कुणी पत्ता विचारत नाही. पण शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वसाहतीतून पोराबाळांना घेऊन तिथं यायचं तर केएमटीची बस बदलावी लागते, घरातल्या सगळ्यांचं जाण्या-येण्याचं तिकीट पडतं. धुणीभांडी करून आलेली बाई हे महिन्यातून कितीदा करेल? झाड पायी पोचता येईल इतकं जवळ पाहिजे.

मोठ्या उद्यानांच्या सुशोभीकरणाला, कारंज्यांना, ओपन जिमला पैसे निघतात. त्यातले थोडे वसाहतींच्या वाटेवर चिंच, करंज, कडुनिंब लावायला आणि पहिली तीन वर्षं टँकरनं पाणी घालायला निघावेत. शाळांची मैदानं संध्याकाळी उघडी ठेवायला तर फक्त किल्ली लागते. आणि बागेच्या फाटकावर पत्ता विचारणं बंद करा, म्हणून ठेकेदाराला लेखी कळवायला कागदाचा एक तुकडा पुरतो.

माझ्या जुन्या बीटमधल्या त्या वसाहतीच्या तोंडाशी, ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडं, सात-आठ गुंठे मोकळी जागा आहे. सध्या तिथं कचऱ्याचा कंटेनर आणि दोन भंगार रिक्षा आहेत. ती कुणाच्या नावावर आहे, हे विचारणारा अर्ज सोमवारी सिटी सर्व्हेला दिला आहे. उत्तर आलं की आपल्याला कळवतो.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन, कोल्हापूर