आई-बाबांना, नोकरी सोडल्यानंतर

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

नोकरी सोडली. शुक्रवारी शेवटचा दिवस होता. फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणून फोन तिच्याकडे दिला असतात, म्हणून लिहितेय. पीएफला हात लावलेला नाही. वर्षभराचं भाडं बाजूला काढलंय, मेडिक्लेम स्वतःचा घेतलाय, शनिवार-रविवार मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेणार आहे. डबा चालूच आहे, पोळ्या मऊ असतात. आई, उपाशी मरत नाहीये मी.

वर्षभर करणार काय, तर चित्रकादंबरी. गौरीच्या वेळी तू माझी वही उघडलीस आणि पानोपानी एकच बाई बघून मावशीला म्हणालीस, "हिला काहीतरी लागलंय." अगं, ती गोष्टीतली आहे. एक तरुण चित्रकार भुताच्या प्रेमात पडतो, खाणंपिणं सोडतो, तिच्याशिवाय दुसरं काही रंगवत नाही. गॉथिक भयकथांमधली ही जुनीच चाल.

पण असा एक माणूस खरोखर होऊन गेला. ऑफिसनं लंडनला पाठवलं होतं ना २०२३ साली, तेव्हा तुम्हाला राजवाड्याचे फोटो पाठवले, पण माझी खरी दुपार गेली ती टेट ब्रिटन नावाच्या कलासंग्रहालयात, रोझेटी भावंडांच्या प्रदर्शनात. दान्ते गॅब्रिएल रोझेटी, चित्रकार आणि कवी. त्याची बायको एलिझाबेथ सिडल १८६२ च्या फेब्रुवारीत लॉडनम, म्हणजे अफूचा अर्क, जास्त घेतल्यानं गेली. यानं आपल्या कवितांची हस्तलिखित वही तिच्या शवपेटीत ठेवली, केसांजवळ. तिच्याशी बोलायला मिळावं म्हणून प्लँचेटसारख्या बैठका घातल्या. पुढे तिचं चित्र काढलं: डोळे मिटलेले, हनुवटी वर, आणि एक लाल पक्षी तिच्या हातांपाशी अफूचं फूल आणतोय. आणि १८६९ च्या ऑक्टोबरात त्याच माणसानं रात्री कबर उघडायला लावून ती वही परत काढवली! स्वतः गेला नाही, लोक पाठवले. पुढच्या वर्षी कविता छापल्या. आई, तू आत्ता "शी" म्हणालीस, मला ऐकू आलं.

मला खरं पछाडलं ते वेगळ्याच गोष्टीनं. त्याच्या बहिणीनं, क्रिस्टिनानं, १८५६ मध्येच एका कवितेत लिहिलं होतं की याच्या सगळ्या चित्रांतून एकच चेहरा बघतो, आणि तो ती आहे तसा नसतो, याच्या स्वप्नातला असतो. सिडल तेव्हा जिवंत होती! म्हणजे भूत आधीच तयार झालं होतं. त्याही आधी मिले नावाच्या दुसऱ्या चित्रकारानं तिला शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधली बुडणारी ऑफेलिया म्हणून पाण्यानं भरलेल्या टबात झोपवलं होतं. पाणी कोमट राहावं म्हणून खाली दिवे लावलेले. ते विझले, याचं लक्ष नाही, ती बोलली नाही, आणि आजारी पडली. ती स्वतः चित्रं काढायची, हे किती जणांना ठाऊक असतं? जॉन रस्किन या कलासमीक्षकानं तिच्या चित्रांसाठी वर्षाला १५० पौंड देऊ केले होते. माझ्या गोष्टीतलं भूत म्हणूनच चित्रकारावर वैतागलेलं आहे. तो तिच्या डोळ्यांवर बोलत बसतो आणि ती म्हणते, खिडकी लाव, गारठले मी.

बाबा, तिचा चेहरा तुम्ही ओळखलात. वही मिटलीत आणि मागच्या पडवीत जाऊन बसलात. हो, माईआत्याच आहे. त्या वर्षी जे झालं त्यातली एक ओळही पुस्तकात येणार नाही, नाव येणार नाही, गाव येणार नाही. तुम्हाला बघवत नसेल तर नाक बदलीन, हनुवटी बदलीन. पण घरात तिचा तो एकच हार घातलेला फोटो, आणि "काय देखणी होती" यापलीकडे कुणी काही सांगत नाही. ती भांडायची कशी? जेवताना काय बाजूला काढायची? दिवे गेले की तुम्ही कंदिलापुढे हातांनी भिंतीवर हरीण करायचात आणि मी तुमच्या बनियनला घट्ट धरून बसायचे. ते हरीण तुम्हाला तिनंच शिकवलं असणार, असं आपलं मला वाटतं. दिवाळीला आले की सांगा. नाही सांगावंसं वाटलं तर नका सांगू, मी विचारणार नाही.

आता ऐका. बीपीची गोळी चहाबरोबर नाही, ठरलेल्या वेळेला. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात शोभेला ठेवलेला नाही. गॅसची नळी बदलून घ्या. मी पैसे पाठवायचे थांबवणार नाहीये, तेव्हा "आता नको हं" हे वाक्य काढायचं नाही. आणि माळ्यावरच्या ट्रंकेत आत्याच्या चित्रांची वही आहे, मी मे महिन्यात बघितलीय. ती काढायला बाबा, तुम्ही शिडीवर चढायचं नाही. मी आल्यावर काढीन.

तुमची,
चिमी