मेगरचा काटा

तासगाव, रविवार रात्र

प्रिय पम्या,

बारशाला आलो नाही, फोनही उचलला नाही. रागावला असशील. रागव, पण आधी हे वाच. आईचे गुडघे आहेत तसेच, बाकी सगळे बरे.

थर्ड इयरचं मशीन्सचं प्रॅक्टिकल आठवतं? मेगर, म्हणजे तारेचं आवरण शाबूत आहे का ते तपासायचं मीटर, बंद होता म्हणून आपण सीनियरच्या जर्नलवरून रीडिंगं बसवून लिहिली. सरांनी मला उभं केलं आणि तू खिडकीबाहेर बघत राहिलास. अख्खं सेमिस्टर आपण बोललो नाही. मेसमध्ये तू न विचारता माझ्या ताटातली भाकरी उचलायचास, तेवढाच काय तो संबंध. ते भांडण मी आज सोडतोय. कारण गेल्या महिन्यात मी पुन्हा तेच केलं, आणि या वेळी माझ्यासोबत कुणीच नव्हतं.

वस्ताद लग्नाला गावाला गेले होते. मोटारी भरायच्या त्यांच्या दुकानात मी एकटा. साडेसात हॉर्सपॉवरची सबमर्सिबल, म्हणजे बोअरच्या पाण्यात बुडवायची मोटार, नवी तार भरायला आलेली. तुला माहीत नसेल, हिची तार साध्या मोटारीसारखी वरून स्लॉटमध्ये, म्हणजे खाचेत, बसवता येत नाही. आत पाणी असतं म्हणून तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असतं, आणि ती सुईत दोरा ओवावा तशी प्रत्येक स्लॉटमधून आरपार ओवावी लागते. एकानं ढकलायची, पलीकडून दुसऱ्यानं ओढायची. 24 स्लॉट, 2 पोल. याचीच आकृती मी परीक्षेत काढली होती आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. कागदावर तार कधी खरचटत नाही रे. मी एकट्यानं दोन्हीकडून पळत पळत तीन दिवसांत ती भरली आणि रात्रभर पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवली. सकाळी मेगरचा दांडा फिरवला, तर काटा 8 मेगओमवर थांबला. आकडा जितका मोठा, तितकं आवरण शाबूत.

वस्तादांचा नियम आहे, नवीन भरलेलं वायंडिंग 100 मेगओमच्या खाली दिसलं की उलगडायचं. पण पुस्तकात किमान 1 मेगओमच्या आसपास चालतं, हे मला पाठ होतं. बाहेर म्हातारा शेतकरी पिकअप घेऊन उभा, द्राक्षाचे मणी फुगायचा हंगाम, छाटणीपासून त्यानं जपलेली बाग. मी वहीत 'ठीक' लिहिलं आणि मोटार दिली.

नवव्या दिवशी ती जळून परत आली. 380 फुटांवरनं चार माणसांनी पाइप एकेक करून वर काढलेले. उघडल्यावर स्लॉटच्या तोंडाशी तार खरचटलेली दिसली, नखाएवढी जागा. पाणी तिथूनच शिरलं. म्हातारा ओरडला असता तर बरं झालं असतं. बाकड्यावर बसून एवढंच म्हणाला, "मोटार काय, परत भरता येतीया. घड परत येत न्हाईत."

पम्या, चार वर्षं आपण त्या कंपनीत सॉफ्टवेअरचं टेस्टिंग केलं. बग पुढच्या रिलीजला ढकलायचा, तक्रारीचं तिकीट बंद करायचं, आणि त्याचा त्रास कुणाला झाला ते कधी कळायचं नाही. हिंजवडीच्या त्या बसमध्ये मी तुला म्हणायचो ना, की दिवसभर काय केलं ते संध्याकाळी आठवत नाही? आता सगळं आठवतं. झोपताना ती नखाएवढी जागा दिसते. पण मागे फिरावंसं एकदाही वाटलं नाही, आणि हे घरात कुणाला कसं सांगू ते कळत नाही. अण्णांनी माझ्या इंजिनिअरिंगसाठी ओढ्याकडचा तुकडा विकला. अजून ते पाहुण्यांना 'घरून काम करतोय' असंच सांगतात. आठ महिन्यांत दुकानाची पायरी चढले नव्हते.

त्या रात्री चढले. म्हातारा त्यांच्या ओळखीचा निघाला. मी आणि वस्ताद पुन्हा तार ओवत होतो. अण्णा डबा ठेवून उभेच राहिले. वस्तादांना शेजारच्या मोटारीकडे जायचं होतं. त्यांनी काही न बोलता पलीकडचं टोक अण्णांच्या हातात दिलं. माझ्या बोटांना पलीकडची ओढ कळत होती, सावकाश, एकसारखी. बैलाचा कासरा धरतात तशी. पहाटे तीनपर्यंत ते एकदाच बोलले, "जोरात ढकलू नको, सोलंल."

मोटार दुसऱ्या दिवशी रात्रभर पाण्यात ठेवली. सकाळी काटा 200 च्या पुढे गेला. तार आणि मजुरी माझ्या पगारातून कापायला मी सांगितलंय. बागेचं किती गेलं ते म्हातारा सांगत नाही. मी दोनदा बांधापर्यंत जाऊन परत आलो. आत जायचं धाडस होत नाही. उद्या जाणार आहे. तू असतास तर तुला सोबत ओढलं असतं, आणि खिडकीबाहेर बघू दिलं नसतं.

तुझं प्रमोशन झालं म्हणे. अभिनंदन. बाळ कुणासारखं दिसतं? वहिनींना माझा नमस्कार सांग. उन्हाळ्यात सगळे या, बेदाणे काढून ठेवतो. आणि तुझ्या घरची पाण्याची मोटार आवाज करते म्हणत होतास, ती कुणाला उघडू देऊ नकोस. मी येऊन बघतो.

तुझा,
बाळ्या