अण्णांचे नाव मागे घेऊ नकोस

कराड,
४ जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. आपल्या तालुक्याच्या नियोजित क्रीडा गौरव दालनासाठी जी पहिली यादी तयार होत आहे, तिच्यातून अण्णांचे, म्हणजे तुझ्या वडिलांचे आणि आपल्या खो-खोच्या गुरुजींचे, नाव काढून टाकावे असे तू लिहिले आहेस आणि त्यासाठी तीन कारणे दिली आहेस. अण्णांच्या नावावर एकही पदक किंवा शासनाचा पुरस्कार नाही, मी निवड समितीत असल्यामुळे लोक नावे ठेवतील, आणि स्वतः अण्णांना हे रुचले नसते. फोनवर बोललो असतो तर तू नेहमीप्रमाणे विषय बदलला असतास, म्हणून सविस्तर लिहायला बसलो आहे. नाव मागे घेण्यास माझा विरोध आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

आधी दालनाविषयी थोडे, कारण चौकातल्या फ्लेक्सची आणि दोन तास उशिरा येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांची आठवण होऊन तुझ्या कपाळावर आठी पडली असणार. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह यांच्यापलीकडे आपल्याकडे खेळाडूंच्या गौरवाची मजल सहसा जात नाही आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा आपल्या शेतावर किंवा ड्युटीवर जातो. आमचा प्रयत्न वेगळा आहे. जुन्या व्यायामशाळेचा वरचा मजला मिळाला आहे. तिथे प्रत्येक मानकऱ्याचे एक छायाचित्र आणि त्याच्या कामगिरीची पाटी असेल, आणि खाली कपाटात त्याच्या नावाची फाइल असेल. तिच्यात कात्रणे, प्रमाणपत्रे, गुणपत्रके आणि सोबत्यांच्या सहीनिशी लिहिलेल्या आठवणी राहतील. फाइल तयार झाल्याशिवाय पाटी लावायची नाही, असे ठरले आहे. माझ्या मते खरे दालन ते कपाटच आहे. पदावर असलेल्या कोणाही पुढाऱ्याचे छायाचित्र लागणार नाही आणि देणगीदारांची नावे जिन्याजवळच्या एकाच फलकावर येतील. या मुद्द्यावर दोन सभासद रागावून निघून गेले. ते परत येतील, चहा चांगला असतो.

खेळाडूला निवृत्त होऊन पाच वर्षे झाल्याशिवाय त्याचे नाव विचारात घ्यायचे नाही, हा नियम आम्ही अमेरिकेतील कूपर्सटाउनच्या बेसबॉल दालनावरून घेतला. तिथे १९३६ साली पहिले पाच खेळाडू निवडले गेले आणि आजही तेथील क्रीडा पत्रकारांच्या मतदानात ७५ टक्के मते मिळाल्याशिवाय खेळाडूला प्रवेश नाही. आम्हीही तीन चतुर्थांश मतांची अट ठेवली आहे. ‘आपला’ कोणाला म्हणायचे, यावर मात्र रात्री उशिरापर्यंत वाद झाला. गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातील पुनवतचे, पण नाव झाले ते कोल्हापूरच्या तालमीत, आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन कुस्तीचे सुवर्ण आणि फ्रीस्टाइल कुस्तीचे रौप्य मिळवल्यावर त्यांनी पुढच्या पिढ्या घडवल्या त्याही मोतीबाग तालमीत. मग ते शिराळ्याचे की कोल्हापूरचे? शेवटी असे ठरले की जो इथे जन्मला, जो इथे शिकला किंवा ज्याने इथे शिकवले, तो आपला. या तिसऱ्या कलमामुळेच अण्णांचे नाव पुढे आले.

आता तुझे पहिले कारण. पहिली पाटी कोणाची, यावर आमच्यात वाद होणे शक्यच नव्हते. येत्या १५ जानेवारीला गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या जन्माला १०० वर्षे पूर्ण होत आहेत. हा दिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणूनही पाळला जातो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील त्यांचे कांस्यपदक आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, पण या वेळी त्यांची फाइल लावताना मला पदकापेक्षा पदकाभोवतीची माणसे जास्त दिसू लागली. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खर्डेकर काही मल्ल नव्हते. त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या तयारीत रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने खाशाबांना मॅटवरच्या कुस्तीचे डावपेच शिकवले. लाल मातीत वाढलेल्या मल्लाला मॅटवर पाय कसा रोवायचा, इथपासूनच सुरुवात करावी लागली असणार, आणि तरीही लंडनला फ्लायवेट गटात ते सहावे आले.

हेलसिंकीचा दुसरा प्रसंग तर मी समितीपुढे मुद्दाम वाचून दाखवला. जपानच्या इशीशी लांबलेली लढत हरल्यानंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला त्यांच्याजवळ भारतीय संघाचा एकही अधिकारी हजर नव्हता. दमलेल्या अंगाने ते उतरले आणि हरले. ती ३० मिनिटे मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. मला त्या रिकाम्या जागेविषयी बोलायचे आहे. मल्लाच्या पाठीशी उभा राहणारा, नियम माहीत असणारा आणि त्याच्यासाठी तावातावाने बोलणारा माणूस तिथे असायला हवा होता. अण्णा आयुष्यभर नेमके त्याच जागी उभे राहिले. तुला आठवते ना, जिल्हा स्पर्धेत पंचांनी आपल्या संघातल्या मुलाला चुकीने बाद दिले तेव्हा अण्णा नियमांचे पुस्तक हातात घेऊन टेबलापुढे उभे राहिले होते आणि डाव पुन्हा सुरू होईपर्यंत हलले नव्हते?

गुरूला उशिरा ओळखण्याची ही सवय आपल्या तालुक्यापुरती नाही. खेळाडूंसाठीचा अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला आणि प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली. मधली २४ वर्षे जणू खेळाडू आपोआपच घडत होते. पहिल्या वर्षीच्या तीन मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? क्रिकेटचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. त्यांच्या खेळाडू म्हणून झालेल्या कामगिरीवर मत घ्यायचे ठरवले असते, तर कोणत्याही समितीने त्यांचा अर्ज पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला असता. ते गेल्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर त्यांचे स्मारक उभे राहिले, तेही ज्या मैदानावर त्यांनी मुले घडवली तिथेच. पदक हीच कसोटी धरली तर माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबरलाही वगळावे लागेल. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली आणि तिथे दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी एखादी भारतीय स्त्री ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या अंतिम शर्यतीत उतरली होती. आणि तिचा पहिला खेळ कोणता, तर खो-खो. म्हणजे लांब पल्ल्याची ती धाव जगाच्या नजरेस पडण्याआधी कुठल्यातरी मैदानावर कोणीतरी तिला चौकोनात बसायला आणि खो मिळताच उठायला शिकवले होते.

साताऱ्याच्या अदिती स्वामीचे उदाहरणही तसेच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला ती १७ व्या वर्षी कंपाउंड तिरंदाजीत विश्वविजेती झाली, आणि त्याच दिवशी पुरुषांत नागपूरचा ओजस देवतळे. दोघांचेही प्रशिक्षक एकच, पोलीस खात्यात नोकरी करून तिरंदाजी शिकवणारे प्रवीण सावंत. त्या दोन सुवर्णपदकांखाली एकाच माणसाचे नाव येते आणि ते नाव पाटीवर आले नाही तर ती पाटी अर्धवटच राहील. म्हणूनच मी असा ठराव मांडला आहे की खेळाडूच्या पाटीवर त्याला प्रथम शिकवणाऱ्याचे नाव त्याच आकाराच्या अक्षरांत कोरले जावे. काही जणांना ‘त्याच आकाराच्या’ हे शब्द खटकले. मी ते काढलेले नाहीत.

तुझ्या दुसऱ्या कारणात तथ्य आहे आणि त्यावर उपायही केला आहे. अण्णांची शिफारस माझी नाही. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी लेखी अर्ज केला आहे, त्यात आज शिक्षक, कंडक्टर, फौजी आणि दोन डॉक्टरही आहेत. त्या नावावर चर्चा होईल तेव्हा मी सभागृहाबाहेर बसणार आहे आणि मतही देणार नाही. नावे ठेवणारे तरीही ठेवतीलच, पण त्यांच्या तोंडी लागून समित्या चालवायच्या ठरवल्या तर एकही समिती चालणार नाही.

तिसरे कारण मात्र मला अवघड गेले. अण्णांना हे रुचले नसते, हे मलाही मान्य आहे. सत्काराचे नाव काढले की त्यांना हमखास मैदान आखायचे आठवत असे. पण दालन अण्णांना खूश करण्यासाठी नाही. गेल्या महिन्यात काकूंनी त्यांच्या वह्यांची पेटी उघडून दिली तेव्हा मला जे दिसले ते तू एकदा सवडीने बघ. पंचवीस पैशांच्या जुन्या वह्यांपासून पुढच्या लांब रजिस्टरांपर्यंत प्रत्येक पानावर मुलामुलींची नावे आहेत आणि नावापुढे रकाने आहेत: गाव, वजन, धावण्याची वेळ, आणि अगदी शेवटच्या रकान्याला मथळा आहे ‘शेवटची एसटी’. ज्याची गाडी लवकर सुटायची त्याचा सराव आधी, जवळच्या वाडीतून चालत येणाऱ्याचा शेवटी. एका मुलीच्या नावापुढे तीन वेगवेगळ्या वेळा खोडून चौथी लिहिली आहे, आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘वडिलांशी बोललो, परवानगी आहे’ अशी नोंद आहे. आपण त्यांच्या हाताखाली खेळलो, दर आठवड्याला खुंटाला पॉलिशपेपर घासला, छिद्रे पाडलेल्या डब्यातून फक्की पाडत रेषा आखल्या. पण संघाची सगळी बांधणी एसटीच्या वेळापत्रकावर उभी होती, हे आपल्याला कधी कळलेच नाही. खो-खो शिकवणाऱ्या ग्रामीण शिक्षकाचे काम काय असते, हे सांगणारा याहून चांगला कागद मी पाहिलेला नाही. गेल्या वर्षी जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताने पुरुष आणि महिला दोन्ही गटांत तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच होते. मॅट आणि दिव्यांच्या झगमगाटातला तो खेळ ज्या शाळांच्या मैदानांवरून वर आला, तिथली असली रजिस्टरे रद्दीत गेली तर पुढच्या अभ्यासकाच्या हाती फक्त निकाल राहतील.

आणखी एक गोष्ट तुला न विचारता मी समितीपुढे मांडली आहे, म्हणून आता विचारतो. मुलींचा संघ परगावी न्यायचा असला की काकू बरोबर जात, कारण त्याशिवाय गावाकडचे पालक मुलींना पाठवायला तयार होत नसत. शाळेने त्यांना कधी प्रवासभत्ता दिला नाही आणि कोणत्याही प्रमाणपत्रावर त्यांचे नाव नाही, पण वह्यांमधील प्रत्येक दौऱ्याच्या खर्चात ‘सौ. सोबत’ अशी ओळ आहे. अण्णांच्या पाटीवर काकूंचे नावही असावे असे मला वाटते. काकूंना मी विचारले तेव्हा त्या हसल्या आणि ‘लेकाला विचार’ म्हणाल्या. तेव्हा हा निर्णय तुझ्याकडे आला आहे.

वह्या मी स्कॅन करून मूळ प्रती तुमच्याकडे परत पाठवीन. दालनाला फक्त एक वही कायमची दिलीत तर बरे होईल, आणि ती कोणती हे काकूंनी ठरवावे. अण्णा शाळेत कोणत्या साली रुजू झाले याचा कागद मिळत नाही, सेवापुस्तकाची प्रत तुझ्या कपाटात असेल तर तिचा फोटो काढून पाठव. महिनाअखेरीस यादीवर मतदान आहे, त्याआधी उत्तर दे. तुझ्या नकाराने अर्ज रद्द होणार नाही, कारण तो विद्यार्थ्यांचा आहे, पण तुझ्या संमतीशिवाय पाटी लावणे मला बरे वाटणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तीर्थस्वरूप काकूंना माझा शिरसाष्टांग नमस्कार सांग आणि पुण्याच्या थंडीत त्यांना सकाळी लवकर फिरायला जाऊ देऊ नकोस.

तुझाच,
बालमित्र