एक शनिवार आपल्या शाळेसाठी

सर्व मुंबईकर आणि पुणेकर मंडळी, माहेरवाशिणी, शाळेचे माजी विद्यार्थी व ग्रामस्थ, सप्रेम नमस्कार.

गणपतीला आपण सगळे गावी येणार. त्याआधी वाडीच्या शाळेविषयी मोकळेपणाने लिहावं आणि एक मागणं मागावं, असं शाळा व्यवस्थापन समितीच्या जुलैच्या बैठकीत ठरलं. म्हणून हे पत्र. थोडं लांब झालं आहे, पण सवड काढून शेवटपर्यंत वाचा.

संगमेश्वर तालुक्यातली आपली ही चिऱ्याची, कौलारू, दोन खोल्यांची जिल्हा परिषद शाळा तुमच्या ओळखीची आहे. यंदा पट २३ आहे. पहिलीत ५, दुसरीत ६, तिसरीत ४ आणि चौथीत ८ मुलं. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. एका खोलीत दोन इयत्ता, त्यामुळे एका गटाला समजावून सांगत असताना दुसऱ्या गटाच्या हाताला काम हवं असतं. हाताला काम म्हणजे मोजायला मणी, लावायला शब्दपट्ट्या, वाचायला गोष्ट. ते नसलं की दुसरा गट नुसता बसून राहतो, आणि सहा-सात वर्षांचं मूल नुसतं बसून काही शिकत नाही. आमचं सगळं मागणं या एका अडचणीतून आलेलं आहे.

शाळेचा आठवडा कसा जातो ते थोडं सांगतो. रोज परिपाठाने सुरुवात होते: प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष, एक गोष्ट. गोष्ट सांगायची पाळी मुलांची असते आणि पहिलीतल्या मुलालाही ती चुकत नाही. सोमवार ते शुक्रवार भाषा, गणित, परिसर अभ्यास, इंग्रजी. पहिली-दुसरीच्या खोलीत जमिनीवर रंगाने अक्षरचक्र आणि संख्यापट काढलेले आहेत. मुलं त्यांवर उड्या मारत शब्द जुळवतात. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शिक्षण खात्याने केलेला शाळांचा गट) शाळांनी हे काम करून दाखवलं, तेव्हापासून राज्यभरच्या शिक्षकांनी ते उचललं, तसं आपल्या बाईंनीही उचललं. तिसरी-चौथीत शब्दडोंगर रचतात. ‘पाऊस’ हा शब्द घेतला की पुढच्या ओळीत ‘पाऊस पडला’, त्यापुढे ‘काल पाऊस पडला’, असं करत करत आठ-दहा ओळींचा डोंगर उभा राहतो. गेल्या महिन्यातल्या एका डोंगराची शेवटची ओळ होती: ‘काल रात्री खूप पाऊस पडला म्हणून आमच्या पऱ्याला पूर आला आणि आजोबा शेतावरून उशिरा आले.’ लिहिणारी मुलगी तिसरीत आहे.

शनिवारी सकाळची शाळा. २०२४ पासून शासनाचा आनंददायी शनिवार सुरू झाला. पहिली ते आठवीच्या मुलांनी त्या दिवशी दप्तराऐवजी खेळ, योगासनं, हस्तकला, बागकाम, व्यवहारज्ञान अशा गोष्टींतून शिकावं, असा तो उपक्रम आहे. आपल्याकडे बाई-गुरुजी तो मनापासून राबवतात. कोणाला वाटेल की शनिवार म्हणजे मजेचा वार, अभ्यास सोमवारपासून. आम्हालाही आधी तसंच वाटायचं. पण गेल्या जानेवारीत मुलांनी शाळेच्या पटांगणात बाजार भरवला, त्या दिवशी आमचं मत बदललं.

मुलांनी घरून लाल माठ, वालाच्या शेंगा, केळफुलं, नारळ, आवळे असं काय काय आणलं होतं. दुसरीतली एक मुलगी करांदे, म्हणजे उकडून खायचे कंद, घेऊन बसली होती. वाटा पंधरा रुपयांना. शेजारच्या आजींनी एक वाटा घेतला आणि पन्नासची नोट पुढे केली. आता मागची गोष्ट अशी, की त्याच आठवड्यात या मुलीने वहीत ५० वजा १५ बरोबर ४५ असं लिहिलं होतं. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून तिने पाच खाली उतरवले होते. त्या वयाची बरीच मुलं तसंच करतात. बाजारात मात्र ती गडबडली नाही. आधी पाचाचं नाणं आजींच्या हातावर ठेवून म्हणाली, “वीस.” मग दहा-दहाच्या तीन नोटा एकेक करून ठेवत गेली: “तीस, चाळीस, पन्नास.” पस्तीस रुपये अचूक परत.

सोमवारी बाईंनी सतरंजीवर खेळातल्या नोटा मांडल्या आणि तिला तोच व्यवहार पुन्हा करायला लावला. मग दहाच्या पाच नोटा समोर ठेवून विचारलं, “यातून पंधरा काढायचे, सुटे नाहीत, काय करशील?” ती म्हणाली, “एक दहाची नोट मोडीन.” दशक सुटा करणं ते हेच. त्यानंतर वहीतलं उदाहरण तिने आपणहून खोडून नीट सोडवलं. शनिवारचं शिकणं सोमवारी वहीत उतरतं ते असं. आणि ज्या नोटांवर हे सगळं झालं, त्या झेरॉक्स काढलेल्या, मधोमध फाटलेल्या आणि चिकटपट्टी लावलेल्या होत्या. वीस आणि पन्नासच्या नोटेतला फरक ओळखायला त्या उजेडाला धराव्या लागतात.

वाचन कोपऱ्याचीही तीच कथा. तिसरीच्या अखेरीला मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं निपुण भारत या लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाचं लक्ष्य आहे. आपल्या तिसरीतली काही मुलं त्याच्या जवळ आहेत, काही मागे आहेत. बालभारतीचं पुस्तक मुलांना दिवाळीपर्यंत पाठ होतं. मग समोर बसलेलं मूल वाचतंय की तोंडपाठ म्हणतंय, तेच कळेनासं होतं. खरं वाचन तपासायचं तर न वाचलेली गोष्ट हवी, आणि तशी पुस्तकं आपल्याकडे आता उरलेली नाहीत. जी आहेत त्यांतली बरीच वाळवीने खाल्ली. एका कोल्ह्याच्या गोष्टीची शेवटची दोन पानं गेली आहेत. चौथीच्या मुलांनी त्या गोष्टीचे आठ जणांनी आठ शेवट लिहून पुस्तकाच्या मागे चिकटवले आहेत. गावी आलात की ते पुस्तक जरूर मागून घेऊन बघा.

तिसरी गोष्ट पावसाची. जूनपासून चौथीची मुलं रोज सकाळी पाऊस मोजतात. प्लॅस्टिकची बाटली कापून, तिला पट्टी चिकटवून त्यांनी मापक केलं आहे. आकडा फळ्यावर लिहायचा आणि महिन्याच्या शेवटी चौकटीच्या कागदावर उभे पट्टे काढायचे. जुलैत एका रात्री बाटली भरून वाहिली. सकाळी सगळी पडवीत उभी, आता लिहायचं काय? अर्धा तास चर्चा झाली. शेवटी त्यांनी वहीत लिहिलं, ‘बाटलीपेक्षा जास्त.’ गुरुजींनी तो आकडा तसाच ठेवला, कारण तो खरा होता. कोकणातल्या पावसाला ती बाटली पुरत नाही. एक साधा, पण खरा पर्जन्यमापक मिळाला, तर ही मुलं चार महिन्यांची सबंध नोंद ठेवतील, आणि ती वाडीतल्या शेतकऱ्यांनाही उपयोगी पडेल.

आता परसबाग. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असा हिशेब आहे. २३ मुलांना रोज किलोच्या वर भाजी लागते. ती शाळेमागच्या वाफ्यांतून निघावी, म्हणून मुलांनी भेंडी, पडवळ, वांगी लावली होती. वाफ्याची लांबी-रुंदी मोजणं, ओळीत रोपं मोजणं, कोणतं बी किती दिवसांत उगवलं ते लिहिणं, हा सगळा त्यांचा परिसर अभ्यास आणि गणितच आहे. पण माकडांनी दोनदा सगळं उपटून टाकलं. जाळी घातल्याशिवाय तिसऱ्यांदा लावायला मुलांना सांगायचा आम्हाला धीर होत नाही.

खर्चाचा अंदाज असा आहे. गोष्टींची १२० पुस्तकं, ९,००० रुपये. वाळवी लागू नये म्हणून लोखंडी रॅक, ५,५००. गणिताचं साहित्य, म्हणजे मणिमाळा, नोटा-नाणी, तराजू-वजनं, लिटरची मापं, घड्याळं, ७,०००. पर्जन्यमापक आणि तापमापी मिळून २,५००. परसबागेची जाळी, खांब आणि पाण्याचा पाईप, ११,०००. राहिला शनिवारचा वर्षभराचा खर्च. रंग, कार्डशीट, कात्र्या, फेविकॉल, शाडू माती, बियाणं असं धरून एका शनिवारला ३०० रुपये लागतात. वर्षात असे ३५ शनिवार धरले, तर १०,५००. सगळं मिळून ४५,५०० रुपये. त्यातले ८,२०० वाडीतल्या घरांनी जमवले आहेत. यात दोन घरं अशी आहेत की ज्यांची मुलं शाळेत नाहीतच. उरले ३७,३००.

शासनाचं शाळा अनुदान येतं. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० असा समग्र शिक्षा या सरकारी योजनेचा निकष आहे. त्यातून विजेचं बिल, खडू, स्वच्छता, किरकोळ डागडुजी करायची असते. गणिताच्या मण्यांपर्यंत ते पैसे पोचत नाहीत. बाई-गुरुजी गेली तीन वर्षं पदरमोड करत आहेत. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. दुकानाच्या पावत्या एकदा सहज समोर आल्या म्हणून आम्हाला कळलं, आणि वाईट वाटलं.

काय नको तेही स्पष्ट सांगतो, राग मानू नये. पाठ्यपुस्तकं आणि गणवेश मुलांना मिळतात, ते पाठवू नका. जुनी, पानं सुटलेली पुस्तकंही नकोत. बाहेरून भिंतींना रंग आणि कमान देण्याची काहींची इच्छा आहे, त्यांच्या भावनेचा आदर आहे, पण यंदा तो पैसा आतल्या खोलीत लागू द्या. टीव्हीचंही तसंच. मागे प्रेमाने मिळालेला एक टीव्ही पावसाळ्यातल्या विजेच्या लपंडावात चौथ्या महिन्यात बंद पडला आणि तालुक्याला नेऊन दुरुस्त करायचा खर्च शाळेला झेपला नाही. मणी बंद पडत नाहीत.

पैशांइतकीच गरज माणसांचीही आहे. गेल्या शिमग्याला आपल्या वाडीतले एक काका शनिवारी शाळेत येऊन बसले. मुंबईत त्यांनी बेस्टमध्ये वाहक म्हणून नोकरी केली. त्यांनी तिकिटं, सुटे पैसे, शेवटच्या गाडीचे प्रवासी, सगळं रंगवून सांगितलं. पुढचे तीन आठवडे पडवीत बस चालू होती आणि पहिलीची मुलं एकमेकांना तिकिटं फाडून देत होती. तुमच्यात कोणी परिचारिका आहे, कोणी छापखान्यात आहे, कोणी बंदरात, कोणी शिवणकाम करतं. जे काम रोज करता, त्याबद्दल तासभर बोललात तरी पुष्कळ. माहेरवाशिणींना खास विनंती आहे. जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची आणि मंगळागौरीची गाणी मुलांना शिकवायला या. चौथीच्या मुलींनी ती वहीत उतरवून घ्यायचं ठरवलं आहे.

एक काळजी मनात आहे, ती लपवत नाही. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विषय निघाला, तेव्हापासून लहान वाड्यांच्या छातीत धडधड आहे. पुढच्या जूनमध्ये चौथीची ८ मुलं बाहेर पडतील, अंगणवाडीतून ४ येतील. म्हणजे पट १९. देणगीने पट वाढत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण वाडीतली दोन कुटुंबं आपली मुलं लांबच्या शाळेत रोज गाडीने पाठवतात, आणखी एक तसा विचार करतंय. या आईबापांना आम्ही कोणत्या तोंडाने सांगायचं की इथेच घाला? त्यांना शाळेत आणून तो वाचन कोपरा, ते वाफे, त्या पावसाच्या नोंदी दाखवता आल्या पाहिजेत. पहिलीतलं पोर पऱ्यापलीकडे न जाता, पायी, आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर शिकावं, एवढ्यासाठी ही धडपड आहे.

मदतीची सोपी रीत आम्ही अशी ठरवली आहे: एका कुटुंबाने एक शनिवार घ्यावा. ३०० रुपये. मुलाचा वाढदिवस, आईवडिलांची आठवण, लग्नाचा वाढदिवस, ज्या निमित्ताने हवा तो शनिवार कळवा. त्या दिवशी मुलांनी काय केलं त्याचे फोटो आणि मुलांनी स्वतः लिहिलेलं पत्र तुम्हाला येईल. ज्यांना जास्त शक्य आहे त्यांनी जाळी, रॅक किंवा पुस्तकांचा पूर्ण खर्च उचलावा. दोघा-तिघा भावंडांनी मिळून उचलला तरी चालेल. पुस्तकं स्वतः घेऊन पाठवायची असतील, तर आधी बाईंना विचारा. पहिली-दुसरीला मोठ्या टायपाची, पानावर दोन-तीन ओळींची पुस्तकं लागतात.

रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यावरच भरावी, कोणाच्याही खाजगी नंबरवर पाठवू नये. खात्याचा तपशील शाळेच्या फलकावर आणि वाडीच्या ग्रुपवर लावला आहे. प्रत्येक रकमेची पावती मिळेल. खर्चाची बिलं दर महिन्याच्या बैठकीत वाचली जातील आणि फलकावर लागतील. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आपल्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आहेत आणि निम्म्या महिला आहेत. हिशेब त्याच ठेवतात.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता शाळेच्या पडवीत सर्वांनी जमायचं आहे. सुट्टी असली तरी मुलं येणार आहेत. पावसाची वही, शब्दडोंगर आणि कोल्ह्याच्या गोष्टीचे आठही शेवट तिथे मांडलेले असतील. येताना छत्री आणा, पडवीच्या उजव्या कोपऱ्यात अजून गळतं.

आपले नम्र,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती