घड्याळं वजा करून प्रवास मोजू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतली मुंबई-लंडन विमानप्रवासाची चौकट वाचली. जायला साडेचार तास आणि यायला साडेचौदा! एकाच वाटेला जाता-येता दहा तासांचा फरक कसा पडेल, हा प्रश्न छापण्याआधी कुणालाच पडला नाही काय? तुमच्या माणसाने तिकिटावरच्या दोन वेळा घेतल्या आणि वजाबाकी केली. एक वेळ मुंबईच्या घड्याळातली, दुसरी लंडनच्या. आपलं घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास पुढे, तिकडच्या उन्हाळ्यात साडेचार. जाताना हा फरक मिळवायचा, येताना वजा करायचा. सुमारे ७,२०० किलोमीटरला जाताना दहाएक तास लागतात, येताना नऊ. वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात म्हणून येताना कमी लागतात. तुम्ही नेमकं उलटं छापलंत.

रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं, हे मी तीस वर्षं वर्गात पृथ्वीगोल फिरवून शिकवलं. तरी माझ्याच घरात हीच चूक झाली.

जानेवारी २०१९. थोरले भाऊ संध्याकाळी गेले. त्यांचा मुलगा लंडनला. त्याचा फोन आला, "रात्री नऊचं विमान मिळालं." मी दवाखान्याचे कागद उरकत होतो. इकडे घरी कुणीतरी हिशेब लावला : नऊ आणि जातानाचे तेच साडेचार, म्हणजे दीड वाजता मुंबई, सकाळच्या विमानाने नागपूर, दुपारी बारापर्यंत गावात. सोयऱ्यांना तसेच फोन गेले. पण त्याचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे अडीच. तो मुंबईत उतरला तेव्हा इथे साडेअकरा वाजून गेले होते आणि अंगण माणसांनी भरलं होतं. बर्फाच्या लाद्या वितळून पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं. वहिनी दाराकडे तोंड करून बसलेल्या. म्हातारे म्हणाले, "दिवस मावळाच्या आंधी उरकवा गा, लोकं दुरून आले हायेत." पाच वाजता अग्नी मी दिला. तो मान त्याचा होता. त्या वेळी तो नागपूर सोडून वर्ध्याच्या रस्त्याला लागला होता. रात्री आठला पोचला तेव्हा न्हाणीजवळ नुसते ओले टॉवेल वाळत होते.

खरा आकडा रात्रीच कळला असता तर सोयऱ्यांना तो पोचल्यानंतरच्या सकाळचं सांगितलं असतं. एवढंच करायचं होतं.

आज आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरची पोरं बाहेरदेशी आहेत. त्यांचे मायबाप तुमची चौकट कापून भिंतीला चिकटवतात. म्हणून दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा; आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको.

आणखी एक. त्याच पानावर 'नागपूर-मुंबई दीड तास' असं छापलंय. विमानात बसल्यावर दीड तास, हे खरं. पण नागपूरच्या विमानतळावरून आमच्या गावाला यायला चार तास लागतात, आणि रात्री उतरलेल्या माणसाला सकाळपर्यंत एसटी नाही. यवतमाळच्या धावपट्टीवर प्रवासी विमान उतरत नाही. विदर्भाच्या आवृत्तीत तरी हे चार तास धरा.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ