अस्सल कस्तुरीच्या नादाला वाचकांना लावू नका

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी अत्तर करण्यावर लेख आलाय तो वाचला, फोटो झकास होते, पण त्यात अस्सल कस्तुरी नाहीतर अंबर ओळखीतून मिळवा आणि चार थेंब घाला असं जे छापलंय ते बघून डोकंच धरलं. ओळखीतून काय मिळवा, पोलीस केस? कस्तुरीमृग १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे, कस्तुरी विकणं सोडाच, नुसती घरात ठेवली तरी गुन्हा. अंबराचं पण तेच, किनाऱ्यावर 'व्हेलची उलटी' पकडली म्हणून तुमच्याच पेपरात बातम्या येतात की! (उलटी पण नसते ती, स्पर्म व्हेलच्या आतड्यात माकुळाच्या चोची अडकतात त्यांच्याभोवती तयार होते.) आणि जत्रेत कस्तुरी म्हणून कापडात गुंडाळून जे विकतात त्याच्यात कस्तुरी सोडून बाकी सगळं असतं.

तिसरा असाच जनावरी माल म्हणजे जवादी मांजराचा अर्क. आपल्याकडे खानापूरच्या रानात जवादी मांजर आहे, उदमांजर पण आहे, दोन्ही वेगळी. उदमांजर रात्री येऊन गेलं की बेळगाव बासमती शिजल्यासारखा वास येतो, तिकडच्या कुणालाही विचारा. जवादीचा अर्क मात्र शेपटीखालच्या ग्रंथीतून खरवडून काढायचा आणि त्यासाठी ते जनावर पिंजऱ्यात कोंडून ठेवायचं, हे ऐकल्यावर तरी कुणाला हौस राहू नये.

आता कुणी म्हणेल मग जनावरी वास सोडूनच द्या. अजिबात नको, मला स्वतःला तो वास फार आवडतो, त्याच्याशिवाय फुलांचं अत्तर साबणासारखं सपाट लागतं. मोगऱ्यातच इंडोल नावाचं जनावरी वासाचं द्रव्य असतं बघा, रात्रीचा गजरा सकाळी जड आणि जरा घाणेरडा वास मारतो त्याच्यात त्याचा मोठा हात. म्हणजे फुलात आधीच थोडं जनावर आहे आणि आपण वरून किंचित वाढवायचं एवढंच. आणि त्यासाठी कुणाला मारायला लागत नाही, जवादीतलं वासाचं द्रव्य सिव्हेटोन म्हणजे १७ कार्बन अणूंची अंगठीसारखी गोल साखळी हे रुझिका नावाच्या शास्त्रज्ञाने १९२६ लाच शोधलं, पुढे १९३९ चं नोबेल पण मिळालं त्याला. आज सिव्हेटोन, कस्तुरीतलं मस्कोन, इंडोल, विष्ठेच्या वासाचं स्कॅटोल सगळं कारखान्यात होतं आणि अंबराच्या जागी जे अंब्रॉक्सान वापरतात ते क्लॅरी सेज नावाच्या झाडापासून निघणाऱ्या स्क्लेरिऑलपासून बनवतात. हौशी लोकांना छोट्या बाटल्या ऑनलाइन मिळतात.

खरी गडबड पुढे आहे आणि लेखात त्याचं नाव पण नाही. हे माल थेंबाने मोजायचे नसतातच, स्कॅटोलचा एक शुद्ध कण म्हणजे संडास, घरातली माणसं बाटलीसकट तुम्हाला बाहेर काढतील, पण तेच हजारात एक भाग केलं की फुलासारखं लागायला लागतं. म्हणून आधी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, १ ग्रॅम माल आणि ९ ग्रॅम डीपीजी (डायप्रोपिलीन ग्लायकॉल, अत्तराचा माल पातळ करायचं बिनवासाचं द्रव्य), झालं १० टक्के, त्यातलं १ ग्रॅम परत ९ ग्रॅम डीपीजीत की १ टक्का, आणि पुन्हा एकदा तसंच केलं की ०.१ टक्का. स्कॅटोल ह्या शेवटच्या बाटलीतूनच घालायचं. इंडोलला १० टक्के चालतं, गोठ्याच्या वासाचं पॅराक्रेसॉल १ टक्क्याच्या वर नको आणि शुद्ध पॅराक्रेसॉलला हातमोज्याशिवाय हात लावू नका, कातडी भाजते. प्रत्येक बाटलीवर टक्का आणि तारीख लिहा, नाहीतर आठवड्याने कुठली काय काही कळत नाही.

आणि घातल्या घातल्या वास घेऊन अजून थोडं, अजून थोडं करू नका! नाक थकतं, वास येईना झाला म्हणून माणूस वाढवत जातो आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर गोठा. कागदाच्या पट्टीवर लावून दुसऱ्या दिवशी हुंगा, मग मनगटावर, कारण अंगाच्या गरमीने हे वास वर येतात. काही मस्क (कस्तुरीसारखे वास) तर काही लोकांना जन्मतःच येत नाहीत, त्यामुळे तुम्हाला नाही आला तरी शेजारच्याला येत असतो, दोघा-तिघांना हुंगायला देऊनच ठरवा. माझं मत विचाराल तर जनावरी वास ओळखू आला म्हणजे जास्त झाला.

आपल्याकडचंच काही पाहिजे असेल तर काष्ठौषधीच्या दुकानात लताकस्तुरीचं (इंग्रजीत अंब्रेट) बी मागा, भेंडीच्याच जातीचं झाड, वास बियांच्या सालीत असतो म्हणून अख्खंच भिजत घालायचं, कुटायचं नाही. फक्त मस्क अंब्रेट नावाचं जुनं केमिकल कुणी त्याच नावाने खपवलं तर घेऊ नका, इफ्राने (सुगंधी मालवाल्यांची जागतिक संघटना) ते अत्तरातून कधीच बंद केलंय. नखला मिळतो तो शंखाची झाकणं असतात, कनौजला तो तापवून त्याचा अर्क, म्हणजे चोया, काढतात, भारी धुरकट वास, पण घरात तव्यावर प्रयोग नको.

हल्ली निपाणीच्या तंबाखूचा अर्क घरी काढायचं पण काही पोरं विचारूलेत. वखारीतला तो मध-घामाचा वास मलाही आवडतो, पण पानं स्पिरिटमध्ये भिजवली की निकोटिन पण उतरतं आणि ते कातडीतून अंगात जातं. अंगाला लावायच्या अत्तरात ते नकोच.

तेव्हा पुढच्या रविवारी निदान कस्तुरी-अंबराच्या त्या ओळीची दुरुस्ती छापा, आणि जागा उरली तर ते १० टक्के, १ टक्का, ०.१ टक्क्याचं गणित पण टाका, फोटो एक कमी झाला तरी चालेल.

आपला,
एक अत्तरवेडा वाचक, टिळकवाडी, बेळगाव