टोरंटोच्या त्या ताईंसाठी

नागपूर, दोहा, मग टोरंटो. आर्णीजवळच्या खेड्यातून निघालेली मी. तेरा-चौदा तास बसून पाय चपलेत मावेनात. उतरले तर बॅग आलीच नाही, शाल-स्वेटर त्यातच. मोबाइलला रेंज नाही, मुलगा बर्फात अडकलेला. माझ्या घड्याळात गावचे रात्रीचे दीड, तिथं दुपारचे तीन! रडूच आलं.

फरशी पुसणाऱ्या एका पंजाबी ताईंनी मॉप भिंतीला टेकवला. चिठ्ठीवरचा नंबर स्वतःच्या फोनवरून लावला, बॅगेची तक्रार भरून दिली. मग खिशातले लोकरी हातमोजे माझ्या हातांत चढवले. एका अंगठ्याला रफू होतं. माझी वऱ्हाडी वळणाची हिंदी त्यांना बरोबर समजली, हे नवलच.

ताई, मनापासून आभार. गडबडीत नाव विचारायचं राहिलं, अन् हातमोजेही माझ्याकडेच राहिले.